चाल सांगणारा

आयर्लंडमध्ये "मी फुटबॉल शिकवतो" असं म्हटलं की समोरचा लगेच विचारतो, "कुठला?" इथे पायाने खेळायचा एक आहे, हातापायांनी खेळायचा ह्यांचा स्वतःचा गेलिक आहे, आणि मी शिकवतो तो डोक्याला हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड बांधून खेळायचा, अमेरिकन. "अच्छा, तो होय," म्हणून माणूस पावसाबद्दल बोलायला लागतो. आमच्या मराठी मंडळींत तर लोक सरळ हसतात. कराडचा मुलगा, पुण्यात इंजिनिअर झालेला, दिवसा कंपनीचे डेटाबेस सांभाळणारा, आणि संध्याकाळी एका विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा मुख्य कोच! हसू देत. मला ह्या कामाचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही.

हा खेळ मी स्वतः खेळलेलो नाही. मी तो पाहिला, तोही उंचावरून. अमेरिकेत एम.एस. करताना मला कॅम्पसवर काम मिळालं ते तिथल्या संघाच्या सरावाचं चित्रीकरण करायचं. मैदानाच्या कडेला एक लोखंडी मनोरा होता, त्यावर चढून कॅमेरा धरून उभं राहायचं. थंडीत बोटं बधिर व्हायची, पण वरून सगळं दिसायचं. खाली उभं राहिलं की नुसती धडकाधडकी वाटते. वरून तोच खेळ बुद्धिबळासारखा दिसतो. एक जण डावीकडे पळाला की समोरचे दोघे त्याच्यामागे खेचले जातात आणि उजवीकडे दार उघडतं. त्या उघडणाऱ्या दाराचं मला वेड लागलं.

पुढे नोकरीने डब्लिनला आणलं. ॲडम्सटाउनमध्ये घर घेतलं, मुलगी इथल्याच शाळेत जायला लागली. एका विद्यापीठात असा संघ आहे हे ऑफिसातल्या एकाकडून कळलं तेव्हा मी नुसता बघायला म्हणून गेलो, आणि परत आलो तो मदतनीस कोच होऊन. तिथला मुख्य कोच पुढे, इथले अर्धे तरुण जातात तसा, ऑस्ट्रेलियाला गेला. जाताना शिट्टी माझ्या हातात देऊन गेला.

ह्या खेळात प्रत्येक चकमकीनंतर खेळ थांबतो. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि प्रत्येक प्रयत्नाआधी कडेला उभा असलेला एक माणूस पुढची चाल ठरवून ओरडून आत सांगतो. आमच्याकडे तो माणूस मी. खरं तर मुख्य कोचला चढाईइतकंच बचावाकडे, दुखापतींकडे, घड्याळाकडे बघायचं असतं, म्हणून बरेच जण चाली सांगण्याचं काम दुसऱ्याला देऊन टाकतात. मी दिलं नव्हतं. द्यायची इच्छाही नव्हती.

त्याचं कारण खेळापेक्षा वेगळं होतं. पहिल्याच वर्षी एका सामन्यात समोरच्यांना आमच्या चाली कळायला लागल्या. नावं सगळी इंग्रजी, सगळ्यांना ठाऊक असलेली. मी ओरडलो की त्यांचा बचाव आधीच तिकडे सरकायचा. मध्यंतरात मी वैतागून पोरांना म्हणालो, "आता ह्यापुढे माझ्या भाषेत." दोघे धावणारे मधोमध एकमेकांना कापून जातात ती चाल झाली 'मिसळ'. चेंडू घेऊन जिथे फट सापडेल तिथून घुसायचं, ती 'रिक्षा'. उंच आणि लांब फेक म्हणजे 'गच्ची'. छोट्या छोट्या पासांनी पुढे सरकत राहायचं, तो 'जिना'. सामना आम्ही जिंकलो, आणि नावं कायमची चिकटली.

'ळ' कुणालाच जमला नाही. मेयो, कॉर्क, कॅव्हन अशा इथल्या जिल्ह्यांतले सगळे धिप्पाड पोरगे "मिसाल! मिसाल!" ओरडत जागा घ्यायचे. 'गच्ची'चं 'गॉची' झालं होतं. तरी मला ऐकायला बरं वाटायचं. घरी मी मुलीला विचारायचो, "जेवलीस का गं?" ती म्हणायची, "येह, ग्रँड," म्हणजे हो, मस्त. तिला सगळं समजतं, पण उत्तर येतं ते इथल्या इंग्रजीत. बायको ब्लँचर्डस्टाउनला रुग्णालयात डॉक्टर. तिच्या ड्युट्या आणि माझं ऑफिस ह्यांतून आमचं मराठी बरंचसं फोनवरच्या निरोपांपुरतं उरलं होतं. ह्या अख्ख्या देशात एकच जागा अशी होती, जिथे मी मराठी शब्द उच्चारला की अकरा माणसं धावत सुटायची. तो शब्द दुसऱ्याच्या तोंडी का द्यायचा?

मागायला आली ती माझी सहायक. तिशीतली, शाळेत गणित शिकवणारी, टलमोरची. बायकांच्या संघात ती क्वार्टरबॅक म्हणून खेळली होती, म्हणजे चेंडू हातात घेऊन कुणाकडे द्यायचा ते क्षणात ठरवणारी खेळाडू. आमच्या क्वार्टरबॅकला तीच शिकवायची. इंग्रजीत तू-तुम्ही नसतं, पण तिचं बोलणं मला कायम 'तुम्ही'सारखं ऐकू यायचं, इतकी ती अदबीने वागायची.

गेल्या हिवाळ्यातल्या एका सामन्यात असं झालं. आमचा बचाव मैदानात होता आणि मी क्वार्टरबॅकला घेऊन, हातातल्या चालींच्या कार्डावर बोट ठेवून, चेंडू आपल्याकडे आल्यावर काय करायचं ते समजावत होतो. मागे आरडाओरडा झाला. तो नेहमीचाच असतो म्हणून मी मान वर केली नाही. केली तेव्हा आमचे सगळे जण मैदानाच्या दुसऱ्या टोकाला एकमेकांच्या अंगावर पडले होते. आमच्या कॅव्हनच्या पोराने, जनावरांचा डॉक्टर व्हायला आलेल्या त्या बचावातल्या आडदांडाने, समोरच्यांची फेक हवेत पकडली होती आणि जवळजवळ अर्धं मैदान पळत जाऊन गुण मिळवला होता. बचावातल्या माणसाच्या वाट्याला असा गुण आयुष्यात एखादा येतो. तो धापा टाकत थेट माझ्याकडे आला.

"कोच, पाहिलंस ना?"

"पाहिलं तर! झकास!" मी म्हणालो.

त्याने माझ्या हातातल्या कार्डाकडे पाहिलं, मान हलवली आणि पाणी प्यायला गेला.

सामना आम्ही आरामात जिंकलो. सामान गाडीत टाकताना सहायक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "चाली मला सांगू दे."

"का? आपण जिंकतोय की."

"जिंकतोय. पण तू फक्त निम्म्या संघाचा कोच आहेस. बाकीच्या निम्म्यांना कोच नाहीये." त्या दिवशी तिच्या बोलण्यातला 'तू' स्पष्ट ऐकू आला.

मी म्हणालो बघू. बघू म्हणजे नाही, हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. आयरिश माणसालाही लागत नाही, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

मार्चमध्ये माझी आई कराडहून आली. आई म्हणजे शाळेतली निवृत्त पी.टी.ची शिक्षिका. आयुष्यभर मुलींना कबड्डी शिकवली, पंच म्हणून गावोगाव फिरली. आवाज असा की शिट्टीची गरज कधी पडली नाही. आल्या आल्या पहिल्याच रविवारी ती स्वेटरवर शाल, पायात माझ्या मुलीचे बूट अशा थाटात मैदानावर आली. रग्बीवाल्यांकडून मागून घेतलेलं मैदान, बाजूने झोडपणारा वारा, पण ती गाडीत बसायला तयार नव्हती. पूर्ण सामनाभर उभी राहिली. परतताना गाडीत मागून विचारलं, "ती पलीकडं घोळका करून उभी हुती ती कुणाची पोरं रं?"

"आपलीच, आई. बचावाची."

"मग त्येंचा मास्तर कोण?"

"मीच की."

"आसं व्हय," एवढंच म्हणून ती खिडकीतून मेंढ्या बघायला लागली. माझी मुलगी शेजारी बसली होती, ती खुदकन हसली.

पुढच्या सरावसामन्यात मी सहायकाला म्हणालो, आज पहिल्या भागात तू सांग. ती खूश झाली. तिने दोन-तीन चाली सांगितल्या, छान सांगितल्या. मग एका वेळी तिने 'जिना' म्हटलं आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, "गच्ची!" बाहेर पडलं. क्वार्टरबॅक आत उभा. उंच, संथ, खेळाडूपेक्षा ग्रंथालयात शोभेल असा मेयोचा पोरगा. त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वेळ संपून दंड होईपर्यंत तसाच उभा राहिला. सहायकाने शांतपणे कार्ड माझ्या हातात परत ठेवलं.

"एक तर तू सांग, नाहीतर मी. त्याला दोन आवाज नकोत."

मी कार्ड घेतलं. उरलेला सामना मीच चाली सांगितल्या आणि एकही धड लागली नाही. माझं लक्षच नव्हतं. शाळेत शिकवून, बस पकडून, पावसात मैदानावर येणारी ती बाई. ह्या पोरांच्या ताकदी-कमजोऱ्या तिला माझ्याइतक्याच ठाऊक, क्वार्टरबॅकच्या बाबतीत तर माझ्याहून जास्त. मला तिच्याबद्दल राग येत नव्हता, ह्याचाच मला जास्त त्रास होत होता. राग आला असता तर नाही म्हणणं सोपं गेलं असतं.

सोमवारी ऑफिसातून मी तिला फोन केला. "उपांत्य सामन्यापासून चाली तुझ्या. मी मध्ये पडणार नाही."

"नक्की?"

"नक्की. फक्त नावं बदलू नकोस."

"मी कशाला बदलीन? ती आमची नावं आहेत," ती म्हणाली.

'आमची' म्हणाली ती.

तो आठवडा मला कामासाठी शॅननला जावं लागलं. सराव तिने एकटीने घेतला. घरून मुलीचा मेसेज आला, आजी मजेत आहे, काळजी नको. आणखी काहीतरी चाललंय असा वास येत होता, पण मी विचारलं नाही.

उपांत्य सामन्याला ऊन पडलं होतं. मी कार्ड तिच्या हातात दिलं, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात घातले आणि बचावाच्या पोरांकडे गेलो. कॅव्हनचा आडदांड बूट बांधत होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "कोच, रस्ता चुकलास का?"

सगळे हसले. मीही हसलो. आणि मग पहिल्यांदाच मी त्यांच्यात उभा राहून सामना पाहिला. ही पोरं समोरच्या चढाईला काय म्हणतात, कोण कुणाला कुठे सरकायला सांगतं, कुणाचा गुडघा दुखतोय आणि तो ते लपवतोय, हे सगळं मला तिथे कळलं. दुखऱ्या गुडघ्याच्या पोराला मी बाहेर बसवलं. त्याने आधी शिव्या दिल्या आणि मग गुपचूप बर्फ लावून बसला. डावीकडून ते सारखे आत घुसतायत असं मला दिसलं, तसं मी आडदांडाला सांगितलं. तो एक पाऊल आत सरकला आणि पुढच्याच चकमकीत त्याने त्यांच्या धावणाऱ्याला उचलून आपटलं. उठून त्याने माझ्याकडे बोट दाखवलं. माझी छाती फुगली. हे सुख इतकी वर्षं माझ्या मैदानावर, माझ्याच पाठीमागे चाललं होतं.

तरी कान तिकडेच होते. पलीकडून तिचा आवाज यायचा, टलमोरच्या हेलातला 'रिक्षॉ!', 'मिसाल!' आणि अकरा जण धावत सुटायचे. आधी खुपलं. मग हळूहळू ते ऐकावंसंच वाटायला लागलं.

सामना अगदी अटीतटीला आला. शेवटची मिनिटं, आम्ही थोडक्या गुणांनी मागे, चेंडू आमच्याकडे, गोलरेषेपासून काही पावलांवर, आणि चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न. मला चाल दिसत होती. मिसळ. डोळे मिटून मिसळ. मी खिशातल्या मुठी आवळल्या, जीभ दातांखाली धरली.

ती दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडली, "हूल!"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हा शब्द मी ह्या मैदानावर कधीच उच्चारला नव्हता. पण आत कुणी गोंधळलं नाही. सगळे उजवीकडे पळाले. आमचा जोरदार धावणारा पोट धरून, चेंडू त्यात लपवल्यासारखा वाकून, उजवीकडे घुसला आणि समोरचा अख्खा बचाव त्याच्यावर तुटून पडला. आणि डावीकडून आमचा संथ, ग्रंथालयातला क्वार्टरबॅक, चेंडू मांडीच्या मागे लपवून, बाजारात जावं तसा जॉगिंग करत एकटाच रेषेपलीकडे गेला. त्याच्याकडे कुणी बघतच नव्हतं. तो पळू शकतो असं कुणालाच वाटलं नव्हतं, मलासुद्धा नाही. एवढ्या वर्षांत मी त्याला कधी पळवलं नव्हतं.

क्षणभर पंचालाही कळलं नाही. मग त्याने गुणाची खूण म्हणून हात वर केले.

माझ्या मागून, वाऱ्याला चिरत, कराडच्या शाळेच्या मैदानावरचा आवाज आला, "आरं शाब्बास माझ्या वाघा!" वळून पाहिलं तर आई शाल उडवत उभी होती आणि शेजारी माझी मुलगी उड्या मारत होती.

सगळं मला नंतर कळलं. आई कबड्डी शिकवायची हे मुलीकडून कळल्यावर, मी शॅननला असताना सहायक आमच्या घरी आली होती. आईने तिला आमच्या बैठकीच्या खोलीत, सोफा आणि भांड्यांचं प्रेस ह्यांच्या मधल्या जागेत, कबड्डीतली चढाई दाखवली. प्रेस म्हणजे इथे कपाट; तो शब्द आता आमच्या घरातलाच झालाय. खांदा एकीकडे टाकायचा, नजर तिकडेच ठेवायची आणि पाय दुसरीकडे न्यायचा. आई मराठीत बोलत होती, मुलगी ते इंग्रजीत सांगत होती. सहायकाने विचारलं, ह्याला काय म्हणतात? आई म्हणाली, "हूल. हूल द्यायची. नजर फसली की माणूस फसला." मुलीने तो शब्द कागदावर इंग्रजी अक्षरांत लिहिला, चार वेळा म्हणून घेतला आणि सरावाला स्वतः जाऊन पोरांकडूनही घोकून घेतला.

"मला का नाही सांगितलं?" मी सहायकाला विचारलं. आम्ही मैदानावरून चाललो होतो, पोरं पुढे गाणी म्हणत होती.

"तू नाही म्हणाला असतास."

मी विचार केला. "हो, म्हणालो असतो."

"मग?"

"मग काही नाही. मी मिसळ सांगितली असती."

"माहितीये. त्यांनाही माहिती होतं. त्यांचे तीन जण मधोमध तुझ्या मिसळीची वाट बघत उभे होते." असं म्हणून तिने कार्ड माझ्यापुढे धरलं. मी म्हणालो, "तुझ्याकडेच राहू दे."

अंतिम सामना आम्ही हरलो. ते संघ म्हणून आमच्याहून सरस होते, आणि तसं मी पोरांना सांगितलं. पण हरताना आमच्या बचावाने ज्या तऱ्हेने शेवटपर्यंत दम धरला, तो पाहून त्यांचा कोच स्वतः चालत येऊन आडदांडाशी हात मिळवून गेला. आईने सगळ्यांसाठी डबा भरून बेसनाचे लाडू आणले होते. कॅव्हनच्या पोराने तोंडात एक, हातात दोन असे घेतले आणि तिला विचारलं, "बचावासाठी पण शब्द आहेत का तुमच्याकडे?" मुलीने भाषांतर केलं. आई म्हणाली, "हायत की. रगड हायत. पकड, कैची, साखळी. बस हितं." आणि तो चिखलाने माखलेला डोंगर तिच्यासमोर गवतावर मांडी घालून बसला.

ह्या वर्षीच्या पहिल्या सरावाला नवे विद्यार्थी आले होते. त्यातल्या एकाने, कॉर्कच्या बारीक पोराने, मला विचारलं, "कोच, चाली तुम्ही सांगता ना?"

"नाही," मी म्हणालो आणि मैदानापलीकडे शंकू मांडत असलेल्या तिच्याकडे बोट दाखवलं. "त्या सांगतात. जा, त्यांच्याशी बोल. आणि नीट ऐक, फार हुशार बाई आहेत."

तो पळत गेला. मी शिट्टी गळ्यात अडकवली आणि बचावाची पोरं अंग मोकळं करत होती तिकडे निघालो.